किलोचा भाव विसरा, दिवसाचा खर्च काढा: कमी पैशात कुत्र्यासाठी चांगलं खाणं कसं निवडायचं

कुत्र्याचं खाणं घ्यायला नवीन माणूस दुकानात शिरला, मग ते नाशिकच्या कॉलेज रोडवरचं चकचकीत पेट शॉप असो की सिडकोतल्या कोपऱ्यावरचं किराणा दुकान, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किलोला किती?" तांदूळ-डाळीला हा प्रश्न बरोबर आहे. इथे मात्र तो चुकीच्या पिशवीकडे नेतो. पिशवीतल्या स्वस्त कोरड्या दाण्यांत (ड्राय डॉग फूडमध्ये) कॅलरी कमी असतात, ते पचतातही कमी. त्यामुळे रोज जास्त घालावे लागतात आणि पिशवी लवकर संपते. खिशावर खरा बोजा किती पडतो हे रोजच्या खर्चावरून कळतं, आणि तो काढायला पाकिटाची मागची बाजू, एक काटा आणि मोबाईलमधला कॅलक्युलेटर पुरतो.

पायरी १: आधी वजन, मग गरज

घरातल्या वजनकाट्यावर कुत्र्याला उचलून घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. मोठा कुत्रा उचलत नसेल तर पशुवैद्यकाच्या दवाखान्यात काटा असतो. कुत्रा लठ्ठ असेल तर आजच्या वजनावर हिशेब करू नका, जितकं असायला हवं तितकं वजन धरा.

नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या मोठ्या, म्हणजे पूर्ण वाढ झालेल्या, कुत्र्याला दिवसाला साधारण इतक्या कॅलरी लागतात: ५ किलोच्या कुत्र्याला ३७५, १० किलोच्याला ६३०, २० किलोच्याला १०६०, ३० किलोच्याला १४३५. वजन दुप्पट झालं म्हणून गरज दुप्पट होत नाही, हे इथे दिसेल. छोट्या कुत्र्याला किलोमागे जास्त लागतं. नसबंदी न झालेल्या कुत्र्याला यापेक्षा आठवा हिस्सा जास्त धरा. दिवसभर फ्लॅटमध्ये लोळणाऱ्याला कमी पुरतं. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला त्याच वजनाच्या मोठ्या कुत्र्याच्या जवळजवळ दुप्पट लागतं. हे आकडे सुरुवातीचे आहेत. खरा आकडा तुमच्या कुत्र्याच्या बरगड्या सांगतात. त्या कशा तपासायच्या ते पुढे येतं.

पायरी २: पाकीट उलटं करा

समोरच्या बाजूला चमकदार केसांचा लॅब्राडोर आणि भाजलेल्या कोंबडीचं चित्र असतं. त्याला विकत घेताना काहीच अर्थ नाही. मागे चार आकडे शोधा: क्रूड प्रोटीन किमान किती, क्रूड फॅट किमान किती, क्रूड फायबर कमाल किती, मॉइश्चर म्हणजे ओलावा कमाल किती.

अमेरिकेतल्या पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या संघटनेने, म्हणजे आफकोने, घालून दिलेली किमान पातळी जगभर मापदंड म्हणून वापरतात. ओलावा वगळून मोजलं तर मोठ्या कुत्र्याला प्रोटीन किमान १८ टक्के आणि फॅट ५.५ टक्के, वाढत्या पिल्लाला प्रोटीन २२.५ आणि फॅट ८.५ टक्के. हा तळ आहे. मोठ्या कुत्र्यासाठी कोरड्या दाण्यांत २२ ते २६ टक्के प्रोटीन आणि १० ते १४ टक्के फॅट असेल, तर मध्यम बजेटमध्ये ते समाधानकारक समजा.

त्याच बाजूला बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य असतं: हे खाणं 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' आहे की 'कॉम्प्लिमेंटरी'. पहिलं रोजचं जेवण होऊ शकतं. दुसरं फक्त जोडीला द्यायचं असतं. ग्रेव्हीची बरीचशी पाकिटं, चघळायच्या काड्या आणि बिस्किटं दुसऱ्या गटातली असतात. नवीन पालक नेमके इथेच पैसे घालवतात: बिस्किटांवर वाढवलेलं पिल्लू जाड दिसतं, पण हाडामासाने कच्चं राहतं.

ओल्या पाऊचचे आकडे कोरड्याशी थेट ताडू नका. पाऊचवर प्रोटीन ८ टक्के लिहिलेलं असेल आणि ओलावा ८० टक्के, तर कोरडा भाग उरला २० टक्के. ८ भागिले २०, म्हणजे ओलावा वगळून प्रोटीन ४० टक्के. दर्जा वाईट नाही, पण ८० ग्रॅमच्या पाऊचमध्ये खरं अन्न १६ ग्रॅम आहे, बाकी पाणी. बजेट तंग असेल तर पाऊच आजारपणात भूक जागी करायला ठेवा.

पायरी ३: एका दिवसाला किती पडतं

काही कंपन्या किलोमागे किती कॅलरी ते छापतात. नसेल छापलं तर घरी काढता येतं. १०० मधून प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा आणि राख (म्हणजे खाण्यातली खनिजं) वजा करा. राखेचा आकडा दिला नसेल तर ८ धरा. उरलं ते पिष्ट. आता प्रोटीनला ३.५ ने, फॅटला ८.५ ने आणि पिष्टाला ३.५ ने गुणून बेरीज करा. १०० ग्रॅममधल्या कॅलरी मिळाल्या. दहाने गुणलं की किलोच्या.

दोन पिशव्या समोर ठेवून करून पाहू. भाव उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या दुकानातले घाला.

पहिली पिशवी: प्रोटीन २०, फॅट १०, फायबर ५, ओलावा १०, राख ८. पिष्ट उरलं ४७. किलोला सुमारे ३२०० कॅलरी. भाव १८० रुपये किलो.

दुसरी पिशवी: प्रोटीन २४, फॅट १४, फायबर ४, ओलावा १०, राख ८. पिष्ट ४०. किलोला सुमारे ३४३० कॅलरी. भाव २४० रुपये किलो.

२० किलोच्या कुत्र्याला १०६० कॅलरी हव्यात. पहिलीतून ३३१ ग्रॅम घालावे लागतील, दिवसाला साधारण ६० रुपये, महिन्याला १७९० च्या आसपास. दुसरीतून ३०९ ग्रॅम पुरतील, दिवसाला ७४ रुपये, महिन्याला २२२५. किलोमागे ६० रुपयांचा फरक बघून महिन्याला सहाशेचा खड्डा पडेल असं वाटतं, प्रत्यक्षात सव्वाचारशे-साडेचारशे. त्या पैशांत रोजचं प्रोटीन ६६ ग्रॅमवरून ७४ वर जातं. हा फरक झेपतो की नाही ते तुमच्या घरानं ठरवायचं, पण निदान खरा आकडा समोर ठेवून ठरवा.

पचनाचा हिशेब पाकिटावर नसतो. तो अंगणात दिसतो. दोन आठवडे एकच खाणं दिल्यावर कुत्रा दिवसाला दोनदा, बेताची, घट्ट, उचलताना खाली डाग न ठेवणारी शी करत असेल तर अन्न अंगी लागतंय. चार-चारदा, मोठी, मऊ शी होत असेल तर तुम्ही घातलेल्या पैशाचा मोठा भाग तसाच बाहेर पडतोय. त्या वेळी किलोला वीस रुपये महाग पण नीट पचणारं खाणं स्वस्त पडतं.

पायरी ४: घटकांची यादी कशी वाचायची

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, आणि ते वजन कालवताना असतं तेव्हाचं. म्हणून यादीत पहिलं 'फ्रेश चिकन' दिसलं की भुलू नका. ताज्या मांसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, भाजताना ते उडून जातं. 'चिकन मील' हे नाव ऐकायला हलकं वाटतं, पण ते वाळवून दळलेलं मांस असतं आणि वजनाच्या मानाने त्यात प्रोटीन भरपूर असतं. मध्यम किमतीच्या पिशवीत पहिल्या तिनात चिकन मील, फिश मील किंवा अंडं असं नाव घेऊन लिहिलेलं काही असावं. नुसतं 'मीट अँड मीट बाय-प्रॉडक्ट्स' म्हणजे कोणाचं मांस ते सांगितलेलं नाही. 'चिकन फ्लेवर' म्हणजे फक्त चव.

एक युक्ती ओळखून ठेवा. तांदूळ, तांदळाची कणी आणि तांदळाचा कोंडा असे तीन वेगळे घटक लिहिले की प्रत्येकाचं वजन कमी दिसतं आणि मांस यादीत वर सरकतं. तिघांची मनात बेरीज करा.

प्रोटीनचा टक्का मोजतात तो नायट्रोजनवरून. यंत्राला चिकनचा नायट्रोजन आणि दुसऱ्या कशाचा नायट्रोजन यातला फरक कळत नाही. २००७ साली चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे नायट्रोजन असलेलं रसायन मिसळलेलं निघालं. आकडा फुगला आणि अमेरिकेत अनेक पाळीव प्राणी मूत्रपिंड निकामी होऊन गेले. म्हणूनच आकडा आणि यादी, दोन्ही वाचायचं.

धान्य दिसलं म्हणून पिशवी खाली ठेवू नका. कुत्रा लांडग्यापासून आला तरी हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर जगून शिजवलेलं पिष्ट पचवायला शिकला आहे. 'ग्रेन फ्री' लिहिलेल्या खाण्याला जादा पैसे मोजायचं कारण धान्याची सिद्ध झालेली अॅलर्जी, एवढंच. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वाटाणा-मसूर भरलेल्या ग्रेन फ्री खाण्याचा आणि हृदयाच्या एका आजाराचा संबंध तपासायला घेतला. ठोस निष्कर्ष निघाला नाही, पण महाग ते चांगलं हे तरी खरं नाही हे त्यातून दिसलं. रंगीत दाण्यांचंही तसंच. हिरवा दाणा पालकाच्या भाजीचा नसतो आणि कुत्र्याला रंगाशी देणंघेणं नसतं.

पिल्लाला पिल्लाचंच खाणं द्या. काटकसर करायची ती मोठ्या कुत्र्यात करा. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियमचं सिरप पाजायचा सल्ला दुकानातून सर्रास मिळतो. पूर्ण खाणं खाणाऱ्या पिल्लाला ते नको. जादा कॅल्शियमने मोठ्या जातीत हाडं आणि सांधे वेडेवाकडे वाढतात. सिरपचे ते पैसे चांगल्या पिशवीत घाला.

पायरी ५: किती मोठी पिशवी, आणि ती ठेवायची कुठे

मोठी गोणी किलोमागे स्वस्त पडते, पण उघडलेली पिशवी चार ते सहा आठवड्यांत संपायला हवी. २० किलोचा कुत्रा रोज ३०९ ग्रॅम खात असेल तर १० किलोची पिशवी महिनाभर जाते, उत्तम. ५ किलोच्या पॉमेरेनियनला तीच पिशवी तीन महिने पुरेल आणि शेवटचा महिना तो खवट दाणे खाईल. त्याला ३ किलोची घ्या.

दाण्यांवर फॅटचा लेप असतो आणि हवा लागली की तो खवट होतो. नवीन पिशवी उघडल्यावर मूठभर दाणे हातात घेऊन वास घ्या आणि तो लक्षात ठेवा. जुन्या तेलासारखा, भिंतीच्या ऑइल पेंटसारखा वास यायला लागला की ते खाणं गेलं. म्हणूनच गोणीतून काढून दिलेले सुट्टे दाणे शक्यतो घेऊ नका: गोणी कधी उघडली ते कळत नाही, तारीख कळत नाही, आणि ज्या चार आकड्यांवर आपण एवढा हिशेब केला तेही समोर नसतात. घ्यावेच लागले तर दुकानदाराला गोणी दाखवायला सांगा, मागच्या बाजूचा फोटो काढा, आणि पंधरा दिवसांपुरतेच घ्या.

दाणे डब्यात ओतू नका, पिशवीसकट डब्यात ठेवा. डब्याच्या तळाशी जुन्या तेलाचा थर राहतो आणि तो नव्या मालालाही नासवतो. शिवाय काही बिघडलं तर बॅच नंबर हाताशी राहतो. पावसाळ्यात, विशेषतः त्र्यंबक-इगतपुरीकडे, डबा जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. एप्रिल-मेमध्ये गच्चीच्या खोलीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका.

बुरशी आलेली भाकरी, कुबट मका, खवट शेंगदाणे "कुत्र्याला चालतं" म्हणून घालतात. चालत नाही. त्यातल्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, शिजवून जात नाही आणि ते कुत्र्याचं लिव्हर मारतं. बुरशी खरवडूनही उपयोग नाही.

घरच्या ताटातलं काय चालतं

बजेटमध्ये बसवायचा सगळ्यात सोपा मार्ग असा: मध्यम दर्जाचे पूर्ण दाणे पाया म्हणून ठेवा आणि दिवसाच्या कॅलरीतला दहावा हिस्सा घरचा द्या. २० किलोच्या कुत्र्याला तो हिस्सा साधारण १०६ कॅलरींचा. एक उकडलेलं अंडं आणि थोडा शिजवलेला लाल भोपळा, किंवा ६० ग्रॅमच्या आसपास उकडलेलं बोनलेस चिकन. अंड्याइतकं चांगलं प्रोटीन इतक्या स्वस्तात दुसरं मिळणं कठीण. चिकनच्या दुकानातली पोटा-कलेजी स्वस्त असते. पोटा नीट उकडून द्या, कलेजी आठवड्यातून एखाद-दोनदा आणि थोडीच, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व खूप असतं. शिजवलेली हाडं कधीच नाही, ती चिरफाळून घशात आणि आतड्यात रुततात.

घरचं वाढवलं तेवढे दाणे कमी करा. १०६ कॅलरी म्हणजे दुसऱ्या पिशवीतले सुमारे ३१ ग्रॅम. हे वजा करायचं राहून जातं आणि सहा महिन्यांत कुत्र्याची कंबर दिसेनाशी होते.

पूर्ण घरचंच द्यायचं असेल तर हिशेब वेगळा आहे. दूध-पोळीवर कुत्रा जगतो, पण प्रोटीन, जस्त, तांबं, आयोडीन अपुरं पडतं, आणि बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. नुसतं मांस-भात दिलं तर फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला; पिल्लांची हाडं वाकतात. उन्हात बसवून ड जीवनसत्त्व मिळेल हीही चुकीची समजूत आहे, कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं तयार होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० कृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के कृतींमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. म्हणून घरचं जेवण हा पूर्ण मार्ग निवडलात तर पशुवैद्यकाकडून खनिज-जीवनसत्त्वांची पूड आणि तिचं प्रमाण लिहून घ्या. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही हे विचारता येतं.

शाकाहारी घरांनी संकोचू नये. पूर्ण म्हणून लिहिलेले शाकाहारी दाणे मिळतात, आणि जोडीला पनीर, घट्ट शिजवलेली मुगाची डाळ, थोडे भिजवून शिजवलेले सोया चंक्स देता येतात. मात्र फोडणी आणि मीठ पडण्याआधी कुत्र्याचं बाजूला काढा.

नाशिकची दोन पिकं आणि कुत्रा

लासलगावचा कांदा आणि दिंडोरी-निफाडची द्राक्षं. जिल्ह्याचं पोट यांच्यावर चालतं, आणि कुत्र्याला ही दोन्ही विष आहेत. इथल्या घरात हे इतकं हाताशी असतं की वेगळं सांगायलाच हवं.

कांदा कच्चा, शिजवलेला, तळलेला, वाळवलेला, कसाही असो, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तरी परिणाम दिसू शकतो; १० किलोच्या कुत्र्याला हा हिशेब ५० ग्रॅमचा, म्हणजे एक छोटा कांदा. लसूण वजनाच्या मानाने कांद्याहून तीव्र. मिसळीची तर्री, रस्सा, कांदा घातलेला चिवडा यातलं काहीच दाण्यांवर ओतायचं नाही. घात असा की त्रास लगेच दिसत नाही. काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, शू लालसर-तपकिरी होते, कुत्रा धापा टाकतो, आणि तोवर चार दिवसांपूर्वीचा रस्सा कोणाला आठवत नाही.

द्राक्षं आणि मनुके मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. किती मण्यांनी, हे सांगता येत नाही. एका कुत्र्याला थोडे बाधतात, दुसरा जास्त खाऊन ठणठणीत राहतो. टार्टारिक आम्ल हे कारण असावं असं आता मानतात, आणि ते चिंचेतही असतं, तेव्हा चिंचेची आमटीही नको. फेब्रुवारी ते एप्रिल, तोडणीच्या दिवसांत, बागेत खाली पडलेल्या मण्यांवर शेतातल्या कुत्र्यांचं लक्ष असतं. खाल्लेलं दिसलं तर उलटी-जुलाबाची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. घरी मीठ पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका, मिठानेच जीव धोक्यात येतो. चॉकलेट आणि शुगर-फ्री गोळ्यांतलं झायलिटॉलही याच यादीत.

बदल करताना आणि नंतर

नवीन पिशवी एका दिवसात सुरू केली की जुलाब होतात, आणि दोष चांगल्या खाण्यावर येतो. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवीन आणि पाऊण भाग जुनं, पुढचे दोन-तीन अर्धं-अर्धं, मग पाऊण नवीन, आणि आठव्या-दहाव्या दिवशी पूर्ण. शी पातळ झाली तर एक पायरी मागे या.

वाटीने मोजू नका. दाण्याचा आकार बदलला की तीच वाटी वेगळं वजन धरते. नवीन पिशवीचे दाणे एकदा किचनच्या काट्यावर मोजा, वाटीला आतून मार्करची खूण करा, मग रोज त्या खुणेपर्यंत भरा. पिशवी बदलली की खूण पुसून नवी करा.

दर पंधरा दिवसांनी बरगड्यांवरून हात फिरवा. आपला तळहात पालथा करून बोटांच्या मागच्या बाजूवरून दुसरा हात फिरवला की जसं लागतं तसं बरगड्यांवर लागायला हवं. मुठीच्या उंचवट्यांसारखं टोचलं तर कुत्रा वाळला आहे, रोजचं खाणं दहा टक्के वाढवा. तळहाताच्या गादीसारखं मऊ लागलं तर दहा टक्के कमी करा. वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसायला हवी. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा दहा अंशांच्या खाली येतो. अंगणात झोपणाऱ्या कुत्र्याची तेव्हा भूक वाढते, ती खरी असते. त्याला थोडं वाढवून द्या, खाली कोरडं गोणपाट घाला, आणि मार्च लागला की पुन्हा जुन्या खुणेवर या.

सहा ते आठ आठवडे नवं खाणं दिल्यावरही केस राठ राहिले, अंग सतत खाजवत राहिला, कानाला वास येत राहिला किंवा वजन घसरत गेलं, तर आणखी एक महाग पिशवी आणण्याआधी शीची तपासणी करून घ्या. जंत पोटात असतील तर कुठल्याही भावाचं खाणं अंगी लागणार नाही.